दूध तुटल्यानंतरचे चौदा दिवस

निपाणीच्या बाहेर, सोयाबीनच्या रानाला लागून, पत्र्याचं एक शेड आहे. आत डुकरिणींचे सहा कप्पे, आणि दाराशी झाकण लावलेले दोन निळे प्लास्टिकचे पिंप. मालकांनी एका पिंपाचं झाकण उचललं आणि म्हणाले, "वास घ्या." मी वाकून वास घेतला. आंबट, थोडा गोडसर, ओळखीचा वास. उन्हाळ्यात आजी रात्री नाचणीचं पीठ भिजवून ठेवायची, सकाळी त्या भांड्यातून येणारा.

"आंबील हाय वो ही," ते म्हणाले. "फकस्त ताक-मीठ न्हाई घातल्यालं."

पिंपात होता मक्याचा भरडा, त्याच्या अडीच-तीन पट पाण्यात दीड दिवस आंबवलेला. तो दूध तोडलेल्या पिल्लांसाठी होता. दोन वर्षांपूर्वीपर्यंत या जागी पुडी होती. पुडीवरचं इंग्रजी त्यांना वाचता यायचं नाही, पण प्रमाण तोंडपाठ होतं. पुडी सुरू असली की पिल्लं ठीक. "बंद केली की तिसऱ्या दिवशी हगवण. मग परत पुडी."

पुडीत अँटिबायोटिक होतं. आजारी जनावराला बरं करण्याचं हे औषध धडधाकट जनावराच्या रोजच्या खुराकात कसं आलं आणि ते तिथून काढायचं तर त्या जागी काय ठेवायचं, हे समजून घ्यायला डुकराच्या पिल्लाच्या पोटात शिरावं लागतं. सीमाभागात या धंद्याबद्दल मराठीत कोणी फारसं लिहीत नाही. घाट उतरला की गोव्याची बाजारपेठ आहे. तिथल्या स्वयंपाकात चोरीस आहे, सोरपोतेल आहे, सणासुदीला डुकराचं मांस लागतंच. तरीही आपल्याकडे डुक्कर पाळणाऱ्याला शेतकरी म्हणताना लोकांची जीभ अडखळते. त्यामुळे सल्लाही त्याच्यापर्यंत पोचत नाही. पोचते ती पुडी.

डुकरीण तीन महिने, तीन आठवडे आणि तीन दिवसांनी विते. पिल्लू भरतं किलो-सव्वा किलो. अंगावर चरबी जवळजवळ नाही, केस विरळ. आईच्या पोटातून ते रोगप्रतिकारक प्रथिनं घेऊन येत नाही, कारण डुकरिणीची वार ती प्रथिनं पलीकडे जाऊ देत नाही. मिळतात ती चिकातून. आणि पिल्लाच्या आतड्याची भिंत ती प्रथिनं जशीच्या तशी रक्तात घेते ती जेमतेम पहिला दिवसभर. नंतर ते दार बंद होतं. म्हणून पहिल्या चोवीस तासांत दोनशे-अडीचशे ग्रॅम चीक पोटात गेलाच पाहिजे. थंडीनं काकडलेलं पिल्लू सडापर्यंत पोचत नाही. पोचलं तरी ओढण्याइतकी ताकद उरत नाही. त्याला चौतीस अंशांच्या आसपास ऊब लागते आणि डुकरिणीला तेवढ्यात धाप लागते, म्हणून कोपऱ्यात पिल्लांपुरता दिवा आणि खाली गोणपाट. आपल्याकडे बाळ-बाळंतिणीच्या खोलीत शेगडी का ठेवत, हे ठाऊक असलेल्या बाईला यात नवं काही वाटणार नाही.

त्या शेडात मी तासभर बसलो. आडवी पडलेली डुकरीण हलक्या आवाजात गुरगुरते, गुरगुर हळूहळू जलद होते, आणि दहाही पिल्लं आपापल्या सडाशी जाऊन चिकटतात. प्रत्येकाचा सड ठरलेला असतो. पहिल्या काही दिवसांत भांडून तो ठरतो आणि मग सहसा बदलत नाही. ढुशा देणं, चोखणं बराच वेळ चालतं, पण दूध खरं सुटतं ते जेमतेम वीस सेकंद. मग सगळं शांत. पाऊण-एक तासानं पुन्हा तेच. दिवसातून वीस-पंचवीस वेळा, थोडं थोडं, कोमट, सहज पचणारं, आणि दर घोटाबरोबर आतड्याला लेप देणारी आईची प्रथिनं. असा पाहुणचार चालू असताना पिल्लाचं पोट स्वतः फार काही शिकत नाही.

मग एक दिवस दूध तुटतं.

त्या एका दिवसात काय काय होतं ते बघा. आई जाते. अनोळखी पिल्लं येतात, मारामारी होते. ओलं जाऊन कोरडं येतं, दूध जाऊन धान्य येतं. बरीच पिल्लं पहिला दिवसभर काही खातच नाहीत. आतड्याच्या आतून मखमलीसारखे बारीक अंकुर असतात, अन्नरस शोषणारे. ते पोटात येणाऱ्या अन्नावरच जगतात. अन्न थांबलं की दोन-तीन दिवसांत त्यांची उंची निम्म्यापर्यंत घटते. आणि नेमकं तेव्हाच, भुकेनं कासावीस झालेलं पिल्लू एका बैठकीत भसाभस खातं.

जठरात आम्ल असेल तर निम्मं काम तिथेच होतं. आम्लात प्रथिनं फुटतात आणि खाद्याबरोबर आलेले बहुतेक जंतू मरतात. पण दूध पिणाऱ्या पिल्लाच्या जठरात स्वतःचं आम्ल थोडंच तयार होतं. तिथला आंबटपणा असतो तो दुधातल्या साखरेपासून जिवाणूंनी केलेल्या लॅक्टिक आम्लाचा, म्हणजे पोटातच लागलेल्या विरजणाचा. दूध गेलं की विरजण गेलं. वर खाद्यात चुनखडीची पूड असते, ती उरलंसुरलं आम्ल खाऊन टाकते. न फुटलेली प्रथिनं तशीच खाली उतरतात आणि आतड्यातल्या ई. कोलाय जिवाणूंचं फावतं. यांच्यातल्या काही जातींच्या अंगावर बारीक तंतू असतात, त्यांनी ते आतड्याच्या भिंतीला धरून ठेवतात आणि विष सोडतात. हे विष पटकीच्या विषाचं सख्खं भावंड. आतड्याच्या पेशी शरीरातलं पाणी बाहेर फेकू लागतात. पिवळसर, पाण्यासारखी हगवण लागते आणि सकाळी उड्या मारणारं पिल्लू दुसऱ्या सकाळी डोळे खोल गेलेलं, कातडी सुटलेलं सापडतं.

पुडी नेमकी दूध तुटल्यानंतरच्या याच चौदा दिवसांवर पांघरूण घालत होती. घाईनं दूध तोडणं, गारठा, दाटी, घाणेरडं पाणी, चुकीचं खाद्य या सगळ्याची भरपाई औषध करत होतं. म्हणून पुडीला पर्याय कोणता, या प्रश्नाला एका नावाचं उत्तर सापडत नाही. दुकानातली दुसरी पुडी आणून पहिलीच्या जागी ठेवली तर निराशाच पदरी येते, हे मी अनेकांकडून ऐकलं आहे.

पुडी खुराकात आली कशी, त्या गोष्टीत एक भारतीय माणूस आहे. आंध्रातल्या भीमावरमला जन्मलेले येल्लाप्रगडा सुब्बाराव अमेरिकेत लेडर्ले या औषध कंपनीच्या संशोधनाचे प्रमुख होते. त्यांच्या हाताखाली बेंजामिन डगर या वयोवृद्ध वनस्पतिशास्त्रज्ञानं मातीतल्या एका सोनेरी जिवाणूपासून ऑरिओमायसिन शोधलं. 1948 मध्ये ते जगापुढे आलं आणि त्याच वर्षी सुब्बाराव वारले. याच कंपनीत थॉमस ज्यूक्स आणि रॉबर्ट स्टोकस्टाड कोंबडीच्या पिल्लांसाठी बी-12 जीवनसत्त्वाचा स्वस्त स्रोत शोधत होते. औषध काढून घेतल्यावर उरलेला चोथा त्यांनी पिल्लांना घातला आणि पिल्लं अपेक्षेपेक्षा जास्त वाढली. चोथ्यात औषधाचा अंश राहिला होता. 1950 मध्ये ही बातमी जाहीर झाली आणि बघता बघता कोंबड्या, डुकरं, वासरं यांच्या खाद्यात चिमूट चिमूट अँटिबायोटिक पडू लागलं.

चिमूट हेच दुखणं आहे. पूर्ण मात्रा जंतू मारते. चिमटीनं दुबळे मरतात आणि दांडगे उरून वाढतात. शिवाय जिवाणू औषधाला दाद न देण्याची विद्या शेजाऱ्यालाही देतात, अगदी वेगळ्या जातीच्या शेजाऱ्याला. नोव्हेंबर 2015 मध्ये चीनमधल्या संशोधकांनी डुकरांमधल्या ई. कोलायमध्ये एमसीआर-1 नावाचा जनुक सापडल्याचं जाहीर केलं. कोलिस्टिनला दाद न देणारा आणि एका जिवाणूतून दुसऱ्यात सहज जाणारा. कोलिस्टिन म्हणजे दुसरं काहीच चालेनासं झाल्यावर अतिदक्षता विभागातले डॉक्टर ज्याच्याकडे वळतात ते औषध. आणि ते पोत्यांनी जनावरांच्या खाद्यात चाललं होतं, आपल्या देशातही. जुलै 2019 मध्ये केंद्रीय आरोग्य मंत्रालयानं अन्नासाठी पाळल्या जाणाऱ्या जनावरांसाठी कोलिस्टिनचं उत्पादन आणि विक्री बंद केली. 2019 या एका वर्षात जगभर सुमारे 12 लाख 70 हजार माणसं थेट औषधांना न जुमानणाऱ्या जिवाणूंमुळे दगावली, असा अंदाज आहे. त्यातले किती जिवाणू गोठ्याकडून आले हे वेगळं काढता येत नाही. पण गोठा आणि दवाखाना यांच्यामध्ये भिंत नाही, एवढं नक्की.

ज्यांनी आधी पुडी सोडली त्यांचा अनुभव आपल्या कामाचा आहे. स्वीडननं 1986 मध्ये वाढीसाठीची अँटिबायोटिक बंद केली आणि लगेच दूध तोडलेल्या पिल्लांची हगवण वाढली. उपचारासाठीची औषधं उलट जास्त लागली. सावरायला काही वर्षं गेली, आणि सावरलं ते गोठ्याची रीत बदलून. दूध उशिरा तोडलं, खाद्यातली प्रथिनं कमी केली, एका वयाची पिल्लं एकत्र आत घ्यायची आणि एकत्रच बाहेर काढून कप्पा धुऊन वाळवायचा, असा नेम केला. डेन्मार्कनं शतकाच्या शेवटी तेच केलं, 1 जानेवारी 2006 पासून सगळ्या युरोपीय संघानं. मधल्या काळात तिथे पुडीची जागा झिंक ऑक्साइडनं घेतली होती, किलोमागे अडीच-तीन ग्रॅम. हगवण थांबायची, पण न पचलेलं जस्त शेणखतातून रानात साचायचं आणि औषधांना न जुमानणारे जिवाणू त्यामुळेही पोसले जायचे. जून 2022 पासून तेही बंद झालं. आपल्याकडे झिंकची पोती आता ‘बिनअँटिबायोटिक उपाय’ म्हणून दारात येतात. दुसऱ्यांनी टाकलेली वाट आपण नव्यानं धरू नये, असं मला कळकळीनं वाटतं.

आता निळ्या पिंपाकडे परत येतो, कारण सगळ्या पर्यायांत मला तोच आपल्या मातीतला वाटतो. भिजवलेलं धान्य आंबतं तेव्हा लॅक्टिक आम्ल करणारे जिवाणू बाकीच्यांवर मात करतात. सामू साडेचारच्या खाली गेला की ई. कोलाय आणि साल्मोनेला तिथे तग धरत नाहीत. म्हणजे दुधाबरोबर गेलेला आंबटपणा आपण खाद्यातून परत देतो, आणि तो पातळ देतो, त्यामुळे पिल्लाला पहिल्याच दिवशी तहान आणि भूक वेगवेगळी ओळखावी लागत नाही. नेदरलँड्स आणि डेन्मार्कमधले गोठे हे वर्षानुवर्षं करत आले आहेत. चीज करताना उरलेलं आंबट पाणी ते त्यात मिसळतात. आपल्याकडे पनीरचं पाणी आहे, ताक आहे.

पण आंबवण्याला शिस्त लागते. त्या मालकांनी सुरुवातीला मका, पेंड आणि विकतचं लायसिन, म्हणजे प्रथिनाचा सुटा घटक, सगळं एकत्र आंबवलं होतं. पिल्लं नाक मुरडायची, वाढ खुंटली. कारण साधं आहे. जिवाणू सुटं लायसिन आधी फस्त करतात आणि त्यातून कुजका वास येणारे पदार्थ तयार होतात. आता ते फक्त धान्य आंबवतात आणि पेंड, लायसिन, मीठ हे खुराक घालायच्या वेळी मिसळतात. पिंपाच्या कडेला लागलेला थर रोज खरवडतात. फेस जास्त आला, दारूसारखा वास आला की यीस्ट माजलं, असं समजून ते पिंप ओतून देतात. पावसाळी गारठ्यात आंबायला वेळ लागतो, तेव्हा कोमट पाणी वापरतात.

पिंप करणं जमत नसेल तर आम्ल थेट खाद्यात मिसळता येतं. फॉर्मिक, लॅक्टिक, सायट्रिक, बेंझोइक अशी बरीच आम्लं वापरात आहेत. बेंझोइक आम्ल युरोपात दूध तोडलेल्या पिल्लांना अर्धा टक्क्यापर्यंत चालतं. सायट्रिक आम्ल म्हणजे किराणा दुकानातलं लिंबूसत्त्व, ते एक-दोन टक्के लागतं, त्यामुळे मोठ्या कळपाला महाग पडतं. फॉर्मिक आम्ल स्वस्त आणि प्रभावी, पण हात भाजतो, छातीत धूर जातो. उघड्या हातानं ते कोणी मिसळू नये. आणि पहिल्या दोन आठवड्यांत खाद्यातली चुनखडी कमी केली नाही तर घातलेलं आम्ल वाया जातं. ही फुकटातली सुधारणा आहे आणि तीच सगळ्यात कमी लोक करतात.

सोयाबीनबद्दल थोडं थांबून सांगायला हवं, कारण निपाणी, चिकोडी, कागल हा सोयाबीनचा पट्टा. घरचंच आहे म्हणून कच्चं दळून पिल्लांना घालणारे मी पाहिले आहेत. कच्च्या सोयाबीनमध्ये प्रथिनं पचवणाऱ्या रसाला अडवणारे घटक असतात. शिवाय त्यातली काही प्रथिनं कोवळ्या आतड्याला सोसत नाहीत, अंकुर आणखी झडतात. नीट भाजलेलं सोयाबीन किंवा चांगली पेंड, तीही हळूहळू वाढवत, एवढंच द्यावं. जास्त प्रथिनं म्हणजे जास्त वाढ हा हिशेब या चौदा दिवसांत उलटा पडतो. न पचलेलं प्रथिन मोठ्या आतड्यात कुजतं आणि हगवणीला खतपाणी मिळतं. वीस-बावीस टक्क्यांऐवजी सतरा-अठरा टक्के प्रथिनं ठेवून उणीव लायसिन, मेथिओनिन, थ्रिओनिन अशा सुट्या घटकांनी भरून काढली की पोट शांत राहतं.

जिवंत जिवाणूंच्या पुड्या, यीस्ट, इन्युलिनसारखे तंतू यांचा उपयोग होतो, पण गोठ्यागणिक वेगळा. त्यातले बॅसिलस जातीचे जिवाणू बीजरूपात असल्यामुळे खाद्याच्या गोळ्या करतानाची उष्णता सोसतात. ताकातल्यासारखे लॅक्टोबॅसिलस त्यात मरतात. पाकीट उन्हात पडलेल्या दुकानातून आणलं तर पैसे गेले म्हणून समजावं. लसूण, हळद, दालचिनी, ओवा यांच्याबद्दल लोक फार आशेनं विचारतात. ओव्याच्या तेलात थायमॉल भरपूर असतं आणि ते जंतुनाशक आहे, यात शंका नाही. पण मूठभर ओव्यात तेल किती, ते साठवणीत उडून किती गेलं आणि आतड्यात पोचलं किती, याचा मेळ दर वेळी बसत नाही. बेळगावात आयसीएमआरची पारंपरिक औषधांचा अभ्यास करणारी राष्ट्रीय संस्था आहे. माणसांसाठी चाललेल्या त्या अभ्यासाचा एखादा धागा या भागातल्या गोठ्यांपर्यंत यावा, अशी माझी फार इच्छा आहे. तोवर ओव्याला मदतनीस मानावं, वैद्य नव्हे.

बेळगावच्या टिळकवाडीत व्हॅक्सिन डेपो आहे. आज लोक तिथे सकाळी फिरायला जातात. एके काळी तिथे वासरांच्या अंगावर देवीची लस वाढवली जात असे. रोग येण्याआधी शरीराला त्याची ओळख करून द्यायची, ही कल्पना या शहराला जुनी आहे. ई. कोलायच्या त्या तंतूंविरुद्धची लस गाभण डुकरिणीला विण्याआधी टोचली की चिकात तयार प्रतिकार उतरतो आणि पहिल्या दिवसांतली हगवण टळते. पण तो चीक पोटात गेला पाहिजे, म्हणजे पुन्हा दिवा, गोणपाट आणि पहिली रात्र जागणारा माणूस.

लोहाचीही एक बारीक गोष्ट. मोकाट डुकरिणीची पिल्लं माती उकरतात, खानापूरकडच्या लाल मातीतून त्यांना लोह मिळतं. सिमेंटच्या फरशीवर ते मिळत नाही. पिल्लाला दिवसाला सात मिलिग्रॅम लोह लागतं, दुधातून येतं एक. म्हणून तिसऱ्या दिवशीच्या आसपास दोनशे मिलिग्रॅमचं इंजेक्शन. ते चुकलेलं पांढुरकं पिल्लू दूध तुटताना सगळ्यात आधी आजारी पडतं. आणि दूध तोडण्याची घाई अठ्ठावीस दिवसांच्या आत तरी नकोच. आपल्या छोट्या गोठ्यांत सहा-आठ आठवडे पिल्लं आईजवळ ठेवायची रीत आहे. ती मागासलेली नाही. पिल्लाच्या पोटाला ती मानवते.

इतकं करूनही एखादं पिल्लू आजारी पडतंच. तेव्हा आधी पाणी. आतड्याला विष लागलं असलं तरी साखर आणि मीठ एकत्र शोषायची वाट उघडी राहते. माणसांतल्या पटकीत जलसंजीवनी ज्या कारणानं जीव वाचवते तेच इथेही लागू पडतं. ताप असेल, पिल्लं पटापट पडत असतील तर पशुवैद्याला बोलवायचं, आणि त्यांनी अँटिबायोटिक लिहून दिलं तर पूर्ण मात्रा, पूर्ण दिवस, त्याच पिल्लांना. त्यानंतर सांगितलेले दिवस उलटल्याशिवाय जनावर विकायचं नाही. औषध वाईट नाही. आजाऱ्याला ते मिळायलाच हवं, आणि मिळेल तेव्हा ते लागू पडायला हवं. काही रोगांना मात्र औषधच नाही, म्हणून हॉटेलातलं उष्टं खरकटं घालणाऱ्यांनी ते चांगलं उकळल्याशिवाय घालू नये. 2020 मध्ये ईशान्येकडून देशात आलेल्या आफ्रिकन स्वाइन फीवरवर उपचारच नाही आणि तो खरकट्यातल्या मांसातूनही येतो.

मी निघालो तेव्हा संध्याकाळचा खुराक चालला होता. दोन दिवसांपूर्वी आईपासून तोडलेली नऊ पिल्लं उथळ परातीभोवती दाटीनं उभी होती, नाकं पिवळ्या भरड्यानं माखलेली. एक बारकं मागे राहिलं होतं. मालकांनी दोन बोटं परातीत बुडवून त्याच्या ओठाला लावली. त्यानं चाटलं, मान हलवली, पुन्हा चाटलं आणि दोघांच्या मधून मुसंडी मारून पुढे घुसलं.

पिंप रिकामा करताना त्यांनी तळाशी चौथाई ठेवला.

"ह्यो उद्याचा," ते म्हणाले. "विरजण." आणि त्यावर नवा भरडा ओतला.